शेळ्या माळावर धाडल्या त्या साली

हुरड्याचे दिवस आले की माझं डोकं फिरतं. पौष लागला, सकाळची थंडी हाताला झोंबायला लागली, की धाराशिवला माझ्या शाळेजवळच्या वळणावर एक बाई टोपलीत कोवळी कणसं मांडून बसते. येणारेजाणारे थांबतात, भाव करतात, दाणे तोंडात टाकून बघतात. मी मान वळवून पुढे जाते. सोबतच्या शिक्षिका मला चिडवतात, म्हणतात, गावाकडची असून हुरडा नको म्हणणारी तू पहिलीच. मी हसून वेळ मारून नेते. खरं सांगायला लागले तर मधली सुट्टी पुरायची नाही.

तसं बघितलं तर हुरड्यासारखं खाणं नाही. जमिनीत खड्डा करून त्यात गोवऱ्यांचा विस्तव करायचा, त्याला आमच्याकडं आगटी म्हणतात. त्या निखाऱ्यात गूळभेंडी ज्वारीची कणसं खुपसायची, दाणा हिरवाच राहिला पाहिजे पण आतून शिजला पाहिजे, एवढ्या बेताला बाहेर काढायची, आणि गरम गरम कणीस तळहातावर चोळायचं. चोळणाऱ्याचे हात भाजतात, खाणाऱ्याला ते कळत नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, गुळाचा खडा, दही. बांधावरची बोरं. आणि रीत अशी की, शेताजवळून कुणीही जात असलं तरी त्याला हाक मारायची. ओळखीचा असो, परका असो, कोर्टात आपल्याशी भांडत असो, हुरड्याला नाही म्हणायचं नाही आणि हुरड्यावरून कुणाला हुसकायचं नाही. पहिली वाफाळती ओंजळ पाहुण्याची. घरचे मागाहून खातात. येळवस, म्हणजे वेळाअमावस्या, झाली की आमच्या भागातला माणूस असा वेड्यासारखा लोकांना खाऊ घालत सुटतो.

आणि जिल्ह्याच्या विकासाचे आराखडे करणारे लोक नेमके याच दिवसांत येतात. का येतात हे शेंबडं पोरही सांगेल.

आमचा जिल्हा आधी मागास होता, आता आकांक्षित आहे. नावं बदलायला काही लागत नाही. मी लहानाची मोठी झाले तोवर या जिल्ह्याच्या भल्याचे किती कागद झाले ते मला मोजता येणार नाही, पण त्यातला एकही कागद वैशाखात तयार झालेला मी पाहिला नाही. वैशाखात इथं काय आहे? तापलेला माळ, कोरडा आड, आणि टँकरमागं भांडणाऱ्या बाया. पौषात मात्र ज्वारी डोक्याएवढी, हरभरा घाट्यावर, हवा गोड. बघणाऱ्याला वाटतं, चांगलं तर चाललंय यांचं. माझा पहिला धोरणाचा मुद्दा हाच आहे आणि तो मी फुकट देते: आराखडा करायला वैशाखात या, डबा घरून आणा.

माझं माहेर भूम तालुक्यातलं. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुन्हा कुठल्या तरी यादीतून काढायचे. भूमहून एस.टी. येते, पुलापाशी वळते आणि तिथूनच परत जाते. पुलापलीकडं गाव, गावापलीकडं आमची वस्ती, वस्तीत निळ्या झेंड्याचं छोटं विहार, आणि विहारामागून थेट माळ सुरू होतो. बाभळी, बोरी, तरवड आणि दगड. परक्या माणसाला तो माळ पडीक वाटतो. आमच्या शेळ्यांना तो भरलेल्या ताटासारखा वाटायचा.

शेळ्या आमच्या घरात कशा आल्या ते सांगायला पाहिजे. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा गावची मेलेली जनावरं ओढायचं काम सोडलं. गावानं बलुतं बंद केलं. त्या वर्षी आजोबांनी कुठून तरी दोन पाठी, म्हणजे शेळीची मादी पिल्लं, आणल्या, काळ्याभोर, लांब कानाच्या. म्हणाले, आता जितं जनावर सांभाळायचं. म्हणजे शेळी आमच्या घरी स्वाभिमानाच्या हाताला धरून आली. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या दहा. आमच्या शेळीला बहुतेक जुळी होतात. जिल्ह्याचं नाव बदललं, तरी ती अजून उस्मानाबादीच म्हणवते आणि त्या नावानं लांब लांब तिची मागणी आहे. मला चष्मा, वह्या, डी.एड.ची खोली, सगळं तिनं दिलं. माझे वडील लवकर गेले. मग आई, मी, धाकटा भाऊ आणि शेळ्या, एवढंच घर होतं.

आई म्हणजे सुभद्राबाई. सडपातळ, काटक, बोलायला धारदार. सकाळी करडं डालग्याखाली कोंडायची, शेळ्या सोडायची आणि विहारासमोर हात जोडून माळाला लागायची. हातात काठी असायची पण शेळीला कधी मारलेली मी पाहिली नाही. काठी बाभळीच्या शेंगा पाडायला. दिवस मावळताना परत यायची तेव्हा आधी शेळ्यांच्या गळ्यातल्या घंट्या ऐकू यायच्या, मग धूळ दिसायची, मग आई. करडं डालग्याखालून ओरडून वस्ती डोक्यावर घ्यायची. तो आवाज माझ्या लहानपणाचा आहे आणि तो मी वीस वर्षांपूर्वी माझ्या हातानं कागदावरून पुसला.

मी तेव्हा डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते, सुट्टीला गावी आले होते. तालुक्यात जनावरांचा नवा दवाखाना होणार, असं कानावर आलं होतं. कोणत्या गावात, ते ठरायचं होतं. शहरातून आराखड्याचे लोक येणार, गावं बघणार, मग यादी. आईला त्या दवाखान्याची कोण आस लागली होती. शेळी अडली, पोट फुगलं, तर भूमपर्यंत न्यायची कशी? एस.टी.त घेत नाहीत. चालत न्यावी तर वाटेत मरते. आई म्हणायची, "डागदर हितं आला तर म्या पन्नास शेळ्या करीन, बग. तुज्या लग्नात कुणाच्या तोंडाकडं बघायचं काम न्हाय." आमच्या वस्तीतल्या सगळ्या बाया हेच बोलत होत्या. तेवढी एकच गोष्ट हवी होती.

पाहुणे येणार त्याच्या दोन दिवस आधी सरपंच तात्या वस्तीत आले. तात्या मनानं वाईट नव्हते. गावाला जपणारा माणूस, पाहुण्याला देव मानणारा. हुरडा त्यांच्या विहिरीजवळच्या शेतात ठेवला होता, कारण अख्ख्या शिवारात ओलिताची ज्वारी तेवढीच होती. बाकी सगळ्यांची ज्वारी गुडघ्याला लागून वाळली होती. तात्या आईला म्हणाले, "सुभद्राबाई, त्या दिशी वस्ती जरा झाडून घ्या. सडा, रांगोळी करा. शेळ्यांचं तेवढं बगा. लई लेंड्या होत्यात, वास येतो. मोठी माणसं येणार हायत."

"तुमी काळजी करू नका, तात्या," आई म्हणाली. "दिस उगवायच्या आत लांब नेतो शेळ्या. लेंडी दिसायची न्हाय."

आणि दिसली नाही. आमच्या बायांनी पहाटेपासून खराटे घेऊन वस्ती अशी झाडली की जमिनीची सालं निघाली. दावणी उपटल्या. पाण्याच्या कुंड्या घरात सरकवल्या. करडांसकट सगळं खांडच्या खांड माळापलीकडच्या ओढ्यात नेलं. शेळ्या गेल्या म्हणजे त्यांच्यामागं बायाही गेल्या. ज्या माणसांना दवाखाना पाहिजे होता, ती सगळी माणसं आपणहून, आनंदानं, गाव सोडून गेली. असली चूक जगात फक्त आमचीच माणसं करू शकतात. मुलगी बघायला पाहुणे येणार म्हणून मुलीलाच मामाच्या गावाला धाडल्यासारखं झालं ते.

पाहुणे आले. तीन गाड्या. आधी हुरडा, मग सभा, असं ठरलं होतं, म्हणजे आधी हुरडा आणि मग पुन्हा हुरडा झाला. विहिरीवर मोटर चालू ठेवली होती. पाटातून पाणी खळखळ वाहत होतं. तात्यांना वाटलं, पाहुण्यांचा जीव रमेल. तो रमला. एका साहेबांनी पाटात पाय सोडले आणि म्हणाले, "इथं तर स्वर्ग आहे." सगळे हसले. तात्यांचे हात चोळून चोळून लाल झाले होते, तरी ते सुद्धा हसले. मी दह्याच्या वाट्या देत होते आणि मलाही गावाचा अभिमान वाटत होता. हे लिहिताना माझे दात एकमेकांवर दाबले जातात.

मग माहितीचा तक्ता भरायची वेळ आली. ग्रामसेवकाच्या हाताला गूळ लागला होता. तो म्हणाला, "ही आमची पोरगी डी.एड. करते. अक्षर मोत्यावानी हाय. हीच भरंल." मी पाहुण्यांमधल्या एका बाईंच्या शेजारी बसले. कडक इस्त्रीची सुती साडी, कपाळाला बारीक टिकली, बोलणं मऊ. त्या माझ्या अक्षराकडं बघून म्हणाल्या, "किती सुंदर लिहितेस गं. घरी काय करतात?"

मी म्हणाले, "शेती."

आमची शेती दीड एकर मुरूम होती. त्यात कुसळ उगवायचं.

तक्ता भरत गेले. घरं, आड, शाळा, पिकं. मग आलं पशुधन. म्हशी, गाई, बैल ग्रामसेवकानं सांगितले तसे लिहिले. शेळ्यांच्या रकान्याशी आल्यावर त्यानं माझ्याकडं बघितलं. "शेळ्यांचं काय करावं? तुमच्या वस्तीच्या हायत. तुलाच म्हाईत." त्यानं खरोखर मलाच विचारलं होतं. मला प्रत्येक शेळी नावानिशी माहीत होती. चांदी गाभण होती, लंगडीला दोन पाठी झाल्या होत्या. पण शेजारी त्या बाई होत्या आणि त्यांनी नुकतंच माझं कौतुक केलं होतं. मी रकान्यात आडवी रेघ ओढली आणि शेऱ्यात लिहिलं: पशुधन नगण्य. नगण्य हा शब्द मला त्याच वर्षी कॉलेजात भेटला होता आणि तो कुठं तरी वापरायची मला हौस होती.

ग्रामसेवकानं वाचलं आणि सही केली. बाई म्हणाल्या, "वा, भाषाही छान आहे."

दवाखाना दुसऱ्या गावाला गेला. डांबरी रस्त्याचं गाव, जिथं म्हशी रस्त्यावरूनच दिसतात. आमच्या गावाच्या पुढं यादीत काय लिहिलं होतं ते तात्यांनी पंचायतीत वाचून दाखवलं. आई त्या दिवशी घरी येऊन चुलीपुढं बसली आणि म्हणाली, "ज्यानं ह्ये लिवलं त्याच्या हाताला किडं पडतील." मी भाकरी खात होते. घास गिळला.

वर्ष फिरून पुन्हा हुरड्याचे दिवस आले. थंडी जास्त होती. आधी चांदीच्या नाकातून पाणी यायला लागलं. मग तोंडात फोड, मग हगवण. दोन दिवसांत सगळ्या शेळ्या माना टाकून उभ्या. आईनं बाभळीच्या सालीचा काढा पाजला, हळद लावली, अंगावरची वाकळ शेळ्यांवर टाकली. तिसऱ्या दिवशी चांदीला खांद्यावर घेऊन ती पुलापाशी एस.टी.ला थांबली. कंडक्टर म्हणाला, आजारी जनावर घेता येत नाही. तो तरी काय करणार? आई भूमच्या दिशेनं चालायला लागली. मी मागून पाण्याची बाटली घेऊन. अर्ध्या वाटेत चांदी मेली. आईनं तिला रस्त्याच्या कडेला ठेवलं, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि तिच्यापाशी बसून राहिली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती आणि कुठल्या तरी शेतातून आगटीचा वास येत होता. कुणी तरी आम्हाला हाक मारली, "या, हुरडा खायला या." रीतच आहे तशी.

अकरातल्या तीन वाचल्या. वस्तीत कुणाच्या दोन, कुणाची एकही नाही. त्या रोगाची लस असते, पावसाळ्याआधी टोचली तर शेळी वाचते, हे मला पुढं शिक्षिका झाल्यावर पाचवीच्या पोरांना शिकवताना कळलं. दवाखाना जवळ असता तर ती टोचली गेली असती. एवढं सरळ आहे. यात दैव वगैरे काही नाही. कुणी दैव म्हटलं की माझा संताप होतो.

तर आता मोठ्या मोठ्या सभागृहांतून या भागाच्या समृद्धीवर बोलणं चालतं. मास्तरांना गर्दी करायला नेतात म्हणून मीही दोनतीनदा जाऊन बसले आहे. पडद्यावर चित्रं दाखवतात. हुरडा महोत्सव भरवा म्हणतात, शहरातली माणसं येतील, बैलगाडीत बसतील. शेळीचा ब्रँड करा म्हणतात. अहो, ब्रँड आहेच, डॉक्टर नाही. गायरानाला कुंपण घालून तिथं काही तरी चकचकीत उभारा म्हणतात, आणि शेळीनं काय तुमचा पडदा खायचा? मला विचारलं तर मी सांगेन, पण विचारत नाहीत, म्हणून इथंच सांगते. भूमच्या बाजाराच्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरची गाडी बाजारातच उभी करा, कारण त्या दिवशी बाई शेळीसकट तिथं येतेच. लस ज्येष्ठाच्या आत वस्तीवर आणा. व्यापारी शेळीच्या पाठीवर हात फिरवून अंदाजानं भाव सांगतो, तिथं काटा ठेवा. माळ शेळ्यांना राहू द्या. आणि गावाची सभा सकाळी अकराला घेऊ नका. अकराला गावात फक्त रिकामी माणसं असतात. दिवस मावळताना घ्या, घंट्या ऐकू आल्यावर. यात एकही गोष्ट अशी नाही की जिच्यासाठी परदेशात जाऊन अभ्यास करावा लागेल.

असं मी मनातल्या मनात तणतणते आणि मग माझ्याच मनातून कुणी तरी विचारतं, रेघ कुणी ओढली? वीस वर्षं मी साहेबांना शिव्या दिल्या, त्या सुती साडीवाल्या बाईंना दिल्या, ग्रामसेवकाला दिल्या. आईसोबत बसून दिल्या. तिच्या शिव्यांना मी हुंकार भरला. माझा अर्धा राग दुसऱ्यांवरचा आहे आणि अर्धा स्वतःवरचा, आणि कुठला कोणता ते मला आता वेगळं करता येत नाही.

या पौषात भावजयीचा फोन आला. संगीता म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. आईच्या त्या वाचलेल्या तीन शेळ्यांपासून झालेलं खांड आता तीच सांभाळते. आईचे गुडघे गेलेत, तरी ती मागून काठी टेकत जातेच. संगीता म्हणाली, "ताई, परत आराखड्याची माणसं यायलीत. औंदा दवाखान्याची यादी परत करणार हायत म्हणं. तात्या परत सरपंच झाल्यात. शेळ्या बाजूला न्या म्हणून सांगून गेल्यात."

"आई काय म्हणते?"

"त्या काय म्हणणार? पाव्हणं हायत, नेऊ म्हणाल्या."

मी रजा टाकली आणि पहिल्या एस.टी.नं गेले. पोचले तेव्हा आई शेळ्या सोडतच होती. मी आडवी उभी राहिले. म्हणाले, "आज न्यायच्या नाहीत."

"आगं, पाव्हणं येत्यात. रस्त्यात लेंड्या..."

"पडू दे. पाहुण्यांच्या पायाला लागू दे."

एरवी मी आईवर आवाज चढवत नाही. शेवटी आम्ही सगळ्या शेळ्या शाळेच्या आवाराजवळ लिंबाखाली नेऊन बांधल्या. आमच्या बघून शेजारच्यांनीही आणल्या. तात्यांनी कपाळावर हात मारला, पण पाहुण्यांच्या गाड्या पुलावर दिसल्या म्हणून ते तिकडं पळाले.

या वेळची मुख्य अधिकारी एक तरुण मुलगी होती. नेमून दिलेलं काम लवकर उरकायचं, असा चेहरा. शाळेच्या ओट्यावर बसून तिनं छापील कागद काढला आणि वाचायला लागली. मागच्या अहवालातली माहिती कायम ठेवलेली आहे, फक्त बदल असेल तर सांगा, म्हणाली. घरं वाचली, आड वाचले. मग वाचलं, "पशुधन नगण्य. बरोबर?"

माझेच दोन शब्द. वीस वर्षांत कुणी त्यांना हात लावला नव्हता. लिंबाखाली शेळ्या ओरडत होत्या आणि तात्या मान हलवून म्हणत होते, "बरोबर, बरोबर. पुढचं घ्या मॅडम, हुरडा गार व्हायलाय."

मी उभी राहिले. म्हणाले, "हे मी लिहिलंय. वीस वर्षांपूर्वी. हे खोटं आहे. तेव्हाही खोटं होतं. मला शेळ्यांची लाज वाटली म्हणून लिहिलं." आईकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

ती मुलगी गोंधळली. म्हणाली, "मॅडम, असं लगेच बदलता येत नाही. तुम्ही अर्ज द्या, पुरावा जोडा. पुढच्या फेरीत बघू."

मागून आईचा आवाज आला. ती ओट्याच्या कडेला काठीवर हनुवटी टेकून बसली होती. "तिला लिवता येत हुतं, तिनं लिवलं. तुमाला दिसतंय, तुमी बगा. पुरावा तितं बांदलाय."

त्या मुलीनं मान वर करून शेळ्यांकडं बघितलं. मग कागद ठेवला, चप्पल घातली आणि लिंबाकडं निघाली. तिचं श्रेय तिला दिलं पाहिजे. तिनं एक एक शेळी मोजली, मग वस्तीत आली, मग संगीताच्या मागं माळावरही चढली, कारण बाकीच्यांच्या शेळ्या तात्यांच्या सांगण्यावरून तिकडं गेल्या होत्या. परत आली तेव्हा दुपार उतरली होती, साडीला कुसळं चिकटली होती, आणि हुरड्याची आगटी विझून राख झाली होती. तिनं जुनी ओळ खोडली आणि आकडा लिहिला. आईनं मला तो मोठ्यानं वाचायला लावला. मी वाचला. आई म्हणाली, "परत वाच." मी परत वाचला.

दवाखाना मिळेल का? मला माहीत नाही. यादी अजून व्हायची आहे आणि याद्या कशा होतात ते मी पाहिलंय. नाही मिळाला तर मी पुन्हा जाणार आहे, आणि त्या वेळी शेळ्या लिंबाखाली नाही, त्यांच्या कचेरीच्या पायऱ्यांवर बांधणार आहे.

घराकडं जाताना आई शेळ्यांमागून चालली होती. मी म्हणाले, "आई, काही तरी बोल. शिव्या दे."

"काय बोलू?" ती म्हणाली. बरीच पावलं चालली. मग थांबली, गुडघा चोळला. "त्या साली तात्या सांगाय आले, त्याच्या आदीच म्या ठरवलं हुतं शेळ्या न्यायचं. तू त्या पाव्हण्यांत वावरणार, कुणी तुज्याकडं शेळ्यामागची म्हणून बगू न्हाय. म्हणून नेल्या. मग लाज तुला वाटली का मला, आता कसं सांगणार?"

मला रडू आलं नाही. राग आला. हिला कुणी शिकवली ही लाज? मेलेलं जनावर टाकून जितं जनावर घेऊन ताठ मानेनं चालत आलेल्या माणसाची ही सून, आणि तिला शेळी लपवावीशी वाटावी, असं कुणी केलं? तो हिशेब कुठल्या तक्त्यात येत नाही. त्यासाठी कुठल्या आराखड्यात रकाना नाही.

"धारा काढायच्यात," आई म्हणाली. "हात इसरला नसंल तर तू काढ."

काढल्या. पहिल्या दोनचार पिळांना थेंब आला नाही, शेळीनं लाथ मारली, संगीता हसली. मग हाताला आठवलं. दूध झालं तोवर शेवटच्या एस.टी.ची वेळ झाली. हात धुवायला थांबले असते तर गाडी गेली असती, म्हणून तशीच पळत पुलावर गेले.

गाडीत खिडकीशी एक बाई बसल्या होत्या. भूमला कुठल्या तरी कचेरीत असाव्यात, पर्स होती, गळ्यात ओळखपत्र होतं. मी शेजारी बसले तशा त्यांनी पदर नाकाशी नेला, मग माझ्या साडीकडं, हाताकडं बघितलं. "घरी शेळ्या हायत वाटतं?" त्यांनी विचारलं.

"हायत," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच. "लई हायत."